पुण्याची वाट, वाल्ह्याचा मुक्काम

आजीच्या वारीच्या सात वह्या आत्याकडे एका पत्र्याच्या पेटीत होत्या. आळंदी ते पंढरपूर, माउलींच्या पालखीबरोबर, सात वर्षं. रोज रात्री मुक्कामाला टेकलं की आजी लिहायची. आज कुठं विसावा झाला, कुणी भाकरी दिली, चहाला किती पैसे गेले, कुणाचे पाय सुजले. ती चौथीपर्यंत शिकली होती आणि अक्षर टपोरं होतं. सगळी मिळून चारशेच्या आतबाहेर पानं भरतील.

मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथालयात काम करते. सूची करणं हा रोजचा उद्योग, त्यामुळे वह्या हाती आल्यावर पहिला विचार आला तो सूचीचाच. कुठलं गाव कुठल्या वर्षी आलं, कुठली माणसं पुन्हा पुन्हा भेटली, मुक्कामाला कुणाचं घर होतं. दोन वर्षं रविवारी बसून आम्ही सगळं टंकून घेतलं. चार वह्या मी केल्या. तीन वह्या एका डीटीपीवाल्याकडे दिल्या होत्या, त्या जुन्या फॉन्टात आल्या, म्हणजे युनिकोडमध्ये, सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हत्या. त्या बदलून घेताना ऱ्हस्व इकार पुढच्या-मागच्या अक्षरांवर सरकले आणि रफार भलतीकडे गेले. ते हातानं नीट करण्यात एक पावसाळा गेला.

मग ग्रंथालयात अभ्यासाला येणाऱ्या एका मुलानं गेट हे नाव सांगितलं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात १९९५ च्या सुमारास सुरू झालेला हा सॉफ्टवेअरचा संच आहे. मजकुरावर खुणा करणं आणि त्या खुणांच्या आधारे पुढची कामं करणं, एवढ्यासाठी तो बांधलेला आहे. फुकट आहे, जावा ही प्रोग्राम चालवणारी प्रणाली असेल त्या कुठल्याही संगणकावर चालतो. प्रोग्रामिंग येत नसलं तरी खिडक्या उघडून, बटणं दाबून बरंच काम होतं. माझ्यासारखीला ते सोयीचं होतं.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी फार आवडली. गेट मूळ मजकुराला हात लावत नाही. खूण वेगळी राहते आणि ती फक्त एवढंच सांगते की या फाइलीत अमक्या जागेपासून तमक्या जागेपर्यंत ‘गाव’ आहे. आजीनं ‘आळंदि’ लिहिलं असेल तर ते तसंच राहतं, आणि त्याचं मूळ नाव ‘आळंदी’ आहे ही नोंद खुणेच्या पोटात जाते. तिचं लिखाण सुधारायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. इथं ते आपोआपच सांभाळलं जात होतं.

जागा मोजायची रीत मात्र डोळ्यांपेक्षा निराळी आहे. ‘आळंदी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो पाच चिन्हांचा आहे: आ, ळ, अनुस्वार, द आणि दीर्घ वेलांटी. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढं बराच गोंधळ होतो.

दर दिवसाची एक अशा सव्वाशेच्या आसपास फाइली केल्या होत्या. गेटमध्ये फाइलींच्या गठ्ठ्याला कॉर्पस म्हणतात. कॉर्पस तयार केला, फोल्डर दाखवलं, फाइल उघडली आणि आजीच्या जागी डोक्यावर तिरका फराटा असलेल्या रोमन ‘ए’ची लांबच लांब रांग आली. अर्धा दिवस मी फॉन्ट बदलत बसले. फॉन्टचा काही संबंधच नव्हता. फाइली भरताना एनकोडिंगचा, म्हणजे अक्षरं आकड्यांत कशी साठवली आहेत ते सांगायचा, रकाना मी मोकळा सोडला होता, म्हणून विंडोजनं स्वतःचं नेहमीचं एनकोडिंग धरलं. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एनकोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिलं जातं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो. विंडोजच्या जुन्या तक्त्यात त्या बाइटाचं रूप म्हणजे तो फराटावाला ‘ए’. रकान्यात यूटीएफ-८ लिहून फाइली पुन्हा भरल्या आणि ‘आज आळंदीहून निघालो’ ही ओळ पडद्यावर आली. आत्या तेव्हा शेजारीच बसली होती. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

गेटबरोबर अ‍ॅनी नावाची तयार साखळी येते. नावाचा अर्थ साधारण ‘जवळजवळ नवी माहिती-वेचणी’ असा. तिच्यात एकापाठोपाठ एक घटक लावलेले असतात. आधीच्या खुणा पुसणारा, शब्द तोडणारा, यादीतली नावं शोधणारा, वाक्यं तोडणारा, शब्दांची जात सांगणारा, आणि शेवटी नियम लावून नावं ठरवणारा. साखळी इंग्रजीसाठी आहे. मराठीवर तिचा निम्मा भाग निरुपयोगी आहे, तो मी काढून टाकला. शब्द तोडणारा घटक युनिकोडच्या वर्गांवर चालतो, त्यामुळे देवनागरी शब्द आणि देवनागरी आकडे त्याला कळले. वाक्यं तोडताना मात्र ‘ह.भ.प.’ आलं की दर टिंबाला वाक्य संपायचं. ‘सौ.’, ‘कै.’, ‘रु.’ यांचंही तेच. त्यावर इलाज आहे. नमुन्यांवर चालणारा वाक्यतोड्या वेगळा मिळतो आणि ‘इथं तोडू नका’ असे नमुने लिहायला त्याची स्वतंत्र फाइल असते. आपले संक्षेप तिच्यात घातले की झालं. आजीनं खर्च जुन्या पद्धतीनं लिहिला होता, तीन रुपये पन्नास पैशांना ‘३।।’ असं. त्या दंडांचं काय करायचं हे मी नंतरवर ठेवलं.

खरं काम यादीचं. गेटमध्ये तिला गॅझेटियर म्हणतात. साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीला एक नाव लिहायचं आणि ही यादी कशाची ते दुसऱ्या एका फाइलीत नोंदवायचं. पालखीच्या मुक्कामांची यादी मला तोंडपाठ होती: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. ती घातली, साखळी चालवली आणि पहिल्या वहीत मोजून अकरा खुणा आल्या.

कारण उघड होतं. आपण मराठीत ‘पुणे’ असं नुसतं म्हणतो कधी? पुण्याला, पुण्यात, पुण्याहून, पुण्याच्या. नातेपुते म्हणजे नातेपुत्यात, वाल्हे म्हणजे वाल्ह्याला, वेळापूर म्हणजे वेळापुरात. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. इंग्रजीत गावाचं नाव वाक्यात कुठंही तसंच राहतं. यादी ही कल्पनाच त्या भाषेच्या अंगाची आहे. पूर्ण शब्द जुळलाच पाहिजे ही अट काढून टाकता येते, तेही करून पाहिलं. तर ‘नीरांजन ओवाळलं’ यातल्या ‘नीरा’वर नदीची खूण पडली.

शेवटी मी कोष्टक केलं. आडव्या ओळीत गावं आणि त्यांची सामान्यरूपं, उभ्या रकान्यात प्रत्यय: ला, त, हून, तून, चा, ची, चे, चं, च्या, पासून, पर्यंत, कडे, जवळ. त्यातून सगळी रूपं एकदमच तयार केली. प्रत्येक रूपापुढं मूळ नाव जोडलं, कारण गेटच्या यादीत नावाशेजारी असा गुणधर्म लिहिता येतो. मधे कुठलं विभाजक चिन्ह वापरणार ते आधी सांगावं लागतं, इतकंच. एक मावशी दरवर्षी नाशिकहून यायची म्हणून नाशिकही घातलं, तर आजीनं लिहिलेलं ‘नाशकात’ सुटलं. ते हातानं वाढवलं.

तरी वेळापुरातले, पंढरपुरातले निम्मे मुक्काम दिसेनात. वही काढून पाहिली. आजीनं ‘पंढरपुरांत’ लिहिलं होतं, ‘सासवडांत’ लिहिलं होतं. ती शाळेत होती तेव्हा सप्तमीच्या ‘त’आधी अनुस्वार द्यायची रीत होती. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजीचे गेले नाहीत. कोष्टकात आणखी एक रकाना वाढला.

एवढ्यावरही ‘साताऱ्याच्या’ हा शब्द कधी सापडे, कधी नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. तीन संध्याकाळी मी त्या एका शब्दात घालवल्या. हा जो आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र आपण ‘वारकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘साताऱ्याच्या’मध्ये लिहितो, तो संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला फरक शून्य, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. माझ्या चार वह्या एका तऱ्हेनं टंकलेल्या होत्या, डीटीपीकडून आलेल्या तीन दुसऱ्या तऱ्हेनं. मराठीत मजकुराचं काही काम करणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्या दिवशी तपासावं असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. वारीच्या वहीत ‘वारकऱ्यांना’ शोधायला जावं आणि निम्मे वारकरी नाहीसे व्हावेत, ही लहान गोष्ट नव्हे.

ही दुरुस्ती मी मूळ फाइलीत केली. ती आजीच्या लिखाणातली नव्हती, आमच्या टंकनातली होती. पण ती खुणा करण्याआधीच करावी लागते. अदृश्य चिन्ह एक जरी कमी झालं तरी त्यापुढच्या सगळ्या जागा एकानं मागं सरकतात आणि जुन्या खुणा शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसतात. मी थोड्या खुणा आधीच केल्या होत्या. त्या टाकून दिल्या.

आता खुणा भरभर पडू लागल्या आणि त्यातल्या चुकीच्या कुठल्या ते दिसू लागलं. ‘पुण्याला पोचलो, भवानी पेठेत उतरलो’ हे गाव. ‘पुण्याचं काम आहे, नाही म्हणू नये’ हे गाव नाही, ते पुण्य. पुणे आणि पुण्य या दोन्ही शब्दांचं सामान्यरूप ‘पुण्या’ असंच होतं, आणि वारीच्या वहीत दोन्ही पानोपानी येणार. वाल्हे गावाचंही तसंच. ‘वाल्ह्याला मुक्काम’ आणि ‘वाल्ह्याचा वाल्मीकी झाला’ ही दोन वाक्यं एकाच दिवसाच्या नोंदीत आहेत, कारण वाल्मीकींची समाधी त्याच गावी आहे अशी श्रद्धा आहे आणि आजी तिथं गेली की ती गोष्ट लिहायचीच. नीरा ही नदी, नीरा हे तिच्या काठचं गाव, आणि एका उन्हाच्या दिवशी कुणीतरी प्यायला दिलेली नीराही.

इथं गेटमधली जेप ही सोय कामी आली. जेपमध्ये आपण नियम लिहितो: आधी ही खूण असेल आणि तिच्यामागून असा शब्द येत असेल, तर दोन्हींवर मिळून अशी नवी खूण कर. पहिला नियम लिहायला मला चार दिवस लागले. नियमाच्या वर, कुठल्या प्रकारच्या खुणा विचारात घ्यायच्या याची एक ओळ असते. तिच्यात मी शब्दांबरोबर मोकळ्या जागाही लिहिल्या होत्या. तशा लिहिल्या की शब्दांमधली प्रत्येक मोकळी जागा नियमातही सांगावी लागते, नाहीतर काही म्हणून जुळत नाही. त्या ओळीतून मोकळ्या जागा काढल्या आणि नियम चालला.

माझे नियम साधे आहेत. ‘पुण्याहून’, ‘पुण्यात’ असेल तर गाव धरायचं. ‘पुण्याला’च्या मागून चारपाच शब्दांत मुक्काम, पोचलो, निघालो, पेठ यांपैकी काही आलं तर गाव. ‘पुण्याचा, पुण्याची, पुण्याचं’ असेल तर ‘पाहावं’ अशी वेगळी खूण करायची आणि ते मी स्वतः वाचायचं. हे ‘पाहावं’ खातं मी मुद्दाम ठेवलं. यंत्राला सगळं ठरवू दिलं असतं तर काम लवकर संपलं असतं, पण तिसऱ्या वहीत ‘ही पुण्याची वाट, इथं दमायला होत नाही’ असं वाक्य आहे. दिवेघाट चढून आल्या दिवशीचं. पाठीमागं पुणं राहिलेलं. तिथं आजीला कुठलं ‘पुण्या’ अभिप्रेत होतं हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि ती खूण तशीच ‘पाहावं’मध्ये आहे.

एक नुकसान झालं ते लिहायलाच हवं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं होणार नाही. तीन आठवडे मी हातानंही खुणा करत होते, नमुना म्हणून. साखळीतला पहिला घटक आधीच्या खुणा पुसतो, म्हणजे दुसऱ्यांदा चालवताना एकावर एक खुणा साचत नाहीत. माझ्या हातच्या खुणा यंत्राच्या खुणांच्याच संचात होत्या. साखळी चालवली, सगळं जतन केलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं तर तीन आठवड्यांचं काम गेलेलं. घटकानं आपलं नेमून दिलेलं काम केलं होतं. ‘की’ नावाचा संच तो पुसत नाही अशी व्यवस्था मुळातच आहे. हातच्या खुणा त्या संचात ठेवायच्या असतात. आता मी तिथंच ठेवते आणि दर शनिवारी पूर्ण कॉर्पस गेटच्या एक्सएमएल रूपात दुसऱ्या डिस्कवर उतरवते.

पुन्हा खुणा करायच्याच होत्या, तर आत्याला म्हटलं, “आत्या, तूही कर. दहा दिवसांच्या फाइली. माझ्या बघू नकोस.” आत्या आजीबरोबर तीन वर्षं चालली होती. तिनं छापील पानांवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, मी त्या तिच्या नावाच्या संचात भरल्या. दोन संच शेजारी ठेवून फरक दाखवणारी खिडकी गेटमध्ये आहे. केलेल्या खुणांपैकी बरोबर किती ते प्रिसिजन, करायला हव्या होत्या त्यांतल्या किती सापडल्या ते रिकॉल, आणि दोन्हींचा मिळून एक आकडा. गावांवर आमचं जवळपास एकमत होतं. माणसांवर आम्ही इतक्या लांब होतो की मला वाटलं मी फाइल चुकीची उघडली.

सगळा फरक ‘माउली’चा होता. मी फक्त ज्ञानेश्वरांना ‘माउली’ धरून व्यक्ती म्हणून खूण केली होती. आत्यानं ‘माउली लोणंदला टेकली’ इथंही केली होती, जिथं मला पालखी म्हणायचं होतं. ‘एका माउलीनं पाणी दिलं’ इथंही केली होती, जिथं कुणी अनोळखी बाई होती.

“अगं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत,” मी म्हटलं.

“तुझ्या आईला विचार, आजीला वेगळ्या वाटायच्या का,” आत्या म्हणाली. “पाणी देणारीच्या पाया पडायची ती.”

त्या एका शब्दावर आमचे दोन रविवार गेले. शेवटी ‘माउली’ ही स्वतंत्र खूण केली आणि तिला ‘कोण’ असा गुणधर्म दिला: संत, पालखी, वाटेवरचं माणूस, आणि चौथा ‘वेगळं करता येत नाही’. चौथ्यात सगळ्यांत जास्त नोंदी गेल्या. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर असेल तिथं व्यक्ती नाही, असं ठरलं. तोंडले-बोंडले ही दोन गावं, पण आजी ती कधीच सुटी लिहीत नाही, म्हणून खूण एक आणि मूळ नावं दोन. ‘बाजीरावाची विहीर’ हे पूर्ण एक ठिकाण, आतल्या बाजीरावाला वेगळी खूण नाही. ‘चांदोबाचा लिंब’ तसंच. हे सगळं आम्ही एका वहीत लिहून काढलं, तारीख घालून, आणि जिथं मत बदललं तिथं का बदललं तेही. नियमांची ती वही आता बत्तीस पानांची झाली आहे. यादी आणि जेप त्या वहीवरून लिहिले जातात.

मराठी नावं ओळखायचं काम मोठ्या प्रमाणावरही झालेलं आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधक गटानं २०२२ मध्ये हातानं खुणा केलेली २५,००० मराठी वाक्यं खुली केली, आठ प्रकारच्या नावांसाठी. मी ती आनंदानं पाहिली. ती बातम्यांतली वाक्यं आहेत आणि त्यावर शिकलेल्या यंत्राला बातमीतलं पुणं छान कळेल. आजीच्या वहीतली माउली बातमीत येत नाही. माझ्या सव्वाशे फाइलींना याद्या आणि नियमच पुरतात, आणि कुठली खूण कशामुळे पडली हे मला बोट ठेवून सांगता येतं.

गेल्या महिन्यात सातही वह्यांवर साखळी पूर्ण चालली. दर फाइलीत निदान एक ‘मुक्काम’ सापडायला हवा, म्हणून जिथं एकही नाही अशा फाइली वेगळ्या काढल्या. नऊ निघाल्या. आठांत गावाचं नाव टंकनात चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. नवव्या फाइलीत गावच नाही. पाचवी वही, बरडच्या पुढचा दिवस, एरवी नातेपुत्याच्या मुक्कामाचा. दोनच ओळी आहेत. “इथं राहिलो. दिंडी पुढं गेली.” दुसऱ्या दिवसाची नोंद सरळ माळशिरसची आहे. मी ही वही टंकताना ते पान शंभरदा पाहिलं असेल, पण रिकामं काही आहे असं कधी जाणवलं नव्हतं.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, “तो ताप आलेला दिवस. मी होते बरोबर. रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत झोपलो आम्ही दोघी. त्या बाईनं रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या तिच्या. गावाचं नाव नाही विचारलं आम्ही. सकाळी एका ट्रकवाल्यानं सोडलं पुढं.”

मी ‘इथं’ या शब्दावर ‘गाव’ अशी खूण केली. मूळ नावाचा रकाना मोकळा ठेवला. टिपेच्या जागी आत्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि त्या बाईसाठी ‘माउली’ची आणखी एक खूण हवी म्हणून तिच्यासाठी शब्द शोधू लागले. आजीच्या त्या दोन ओळींत तिचा उल्लेखच नाही. ‘राहिलो’ या शब्दावर ती खूण लावावी असं आत्या म्हणते आहे. नियमांच्या वहीत अजून तसा नियम नाही. येत्या रविवारी बसणार आहोत.